किडेखाऊ झाडं आणि एलईडी लाईट : एका शेल्फचा खरा हिशेब

मागच्या व्हिडिओत मी दुकानातली किडेखाऊ झाडांची रॅक दाखवली आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "सर, लाईट कुठली लावली?" व्हिडिओत दोन मिनिटांत सांगून टाकलं होतं, पण आकडे तोंडी सांगितले की डोक्यात राहत नाहीत. म्हणून इथे नीट लिहितो. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी पैशाचा हिशेब आहे आणि तो ऐकायला तितकासा गोड नाही.

आधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी एका घाऊक विक्रेत्याकडून २४ व्हीनस फ्लायट्रॅप आणले, २५० रुपयांना एक. म्हणजे ६,००० रुपये झाडांत गेले. माझं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं, त्यामुळे लाईटबद्दल मला कोण काय शिकवणार, अशी हवा डोक्यात होती. ऑनलाईन '१००० वॉट' लिहिलेलं निळं-लाल पॅनेल मागवलं, छताला टांगलं, खाली झाडं मांडली. पाणी घातलं बोअरचं. दिवाळीपर्यंत १७ मेली. सात विकली होती, त्यातलं एक घेऊन सातवीतला मुलगा वडिलांबरोबर परत आला. कुंडीत काळा चिखल उरला होता. वडील काही बोलले नाहीत, पोरगा मात्र म्हणाला, "काका, मी रोज पाणी घालत होतो." पैसे परत दिले. पण त्या पोराची चूक नव्हती, माझी होती, आणि ती मला कळतसुद्धा नव्हती.

नंतर पॅनेल वीज मोजायच्या प्लगवर लावून बघितलं. १००० वॉट लिहिलेलं पॅनेल ९६ वॉट ओढत होतं. रोज गिऱ्हाइकाला वॉट समजावून सांगणारा मी, आणि स्वतःच्या दुकानात मोजलं नाही!

हे झाड किडे खातं, मग लाईट कशाला?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. किडा हे या झाडांचं जेवण नाही, खत आहे. ही झाडं अशा ओल्या, धुऊन गेलेल्या जमिनीत वाढतात जिथे नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. ते ती किड्यांतून मिळवतात. पण साखर, म्हणजे वाढीची ताकद, बाकीच्या झाडांसारखी प्रकाशातूनच बनते. उलट सापळा बनवणं हे झाडाला महागाचं काम. प्रकाश कमी पडला की पहिली काटछाट सापळ्यावर. फ्लायट्रॅपची पानं लांब, लुळी होतात, सापळे बारीक निघतात. दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, त्याच्या पानावरचे चिकट थेंबच येत नाहीत. घटपर्णी नुसती पानं काढत बसते, घट धरत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सापळ्यासाठी. सापळा नसेल तर तुम्ही गवत विकताय.

आता आपल्या भागाचं बघा. आपल्या मातीत ही झाडं परकी नाहीत. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदूच्या जाती उगवतात. कासच्या पठारावर निळी-जांभळी 'सीतेची आसवं' पसरतात, तीसुद्धा मांसाहारी. जमिनीतल्या भागावर बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. म्हणजे पावसाळ्याची हवा या झाडांना मानवते. पण ती वाढतात उघड्या कातळावर, जिथे ढगातून जो काही उजेड येतो तो सगळा त्यांचा. खोपोलीत जून ते सप्टेंबर ढग घाटाला अडकून बसलेले. हवेत ओल भरपूर आणि खोलीत उजेड नाही. जुलैमध्ये माझ्या काउंटरवर, ट्यूब चालू असताना, लक्समीटर ३००-४०० दाखवतो. भर उन्हात बाहेर हाच आकडा १ लाखाच्या आसपास जातो. आपला डोळा फसवतो, आपल्याला दुकान लख्ख वाटतं. झाडासाठी तो अंधार आहे.

वॉट विसरा, लक्स मोजा

वॉट म्हणजे लाईट किती वीज खाते. झाडाला त्याच्याशी देणंघेणं नाही. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती बाहेर पडला. लक्स म्हणजे त्यातला पानावर किती पडला. आणि झाडाचं खरं माप आहे पीपीएफडी, म्हणजे दर सेकंदाला एका चौरस मीटरवर प्रकाशाचे उपयोगी कण किती पडतात. ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. त्याचा मीटर महाग असतो, पण गरज नाही. पांढरी, ६५०० केल्विनची एलईडी असेल तर लक्सला साधारण ६५ ने भागा, अंदाज मिळतो. १५,००० लक्स म्हणजे साधारण २३०. १०,००० लक्स म्हणजे १५० च्या आसपास. (हा भागाकार फक्त पांढऱ्या लाईटला. निळ्या-लाल पॅनेलखाली लक्सचा आकडा काहीच सांगत नाही, कारण लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेला असतो.)

किती हवं? घटपर्णीच्या सोप्या संकरित जाती १०० च्या आसपास चालवून घेतात. दवबिंदूला १५० ते २०० मिळाले की थेंब चमकतात आणि पानं लालसर होतात. फ्लायट्रॅपला २०० च्या पुढेच पाहिजेत. उन्हाची बरोबरी करायची गरज नाही, कारण ऊन काही तासच कडक असतं आणि आपली लाईट १४ तास एकसारखी मिळते. २३० मायक्रोमोल गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला साधारण साडेअकरा मोल. दवबिंदूला हे पोटभर झालं.

मोबाईलचं लक्स ॲप चालेल का? फोनाफोनात फरक पडतो, त्यामुळे आकड्यावर पैज लावू नका. पण ट्यूब चार इंच खाली घेतल्यावर उजेड किती वाढला, शेल्फच्या कोपऱ्यात किती कमी पडतो, ही तुलना बरोबर कळते. धंदा करायचा असेल तर साधा लक्समीटर घ्या.

निळं-जांभळं पॅनेल की साधी पांढरी ट्यूब?

झाडं लाल आणि निळा प्रकाश जास्त वापरतात हे खरं. म्हणून तसली पॅनेल निघाली. ती वाईट नसतात. पण दुकानात त्यांच्यामुळे दोन अडचणी येतात. जांभळ्या उजेडात झाड काळपट दिसतं, पान पिवळं पडतंय की तपकिरी ते तुम्हालाच कळत नाही. माझी झाडं मरत होती आणि मला आठवडाभर उशिरा कळत होतं ते यामुळे. आणि गिऱ्हाइकाला ती आवडत नाहीत. पांढऱ्या एलईडीत निळा असतोच, हिरवा-लालही असतो, झाड ते सगळं वापरतं. हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी असतो असं बऱ्याच ठिकाणी ठोकून सांगतात, ते अर्धसत्य आहे. तो पानाच्या आतल्या थरापर्यंत पोहोचतो आणि कामाला येतो.

मी आज वापरतो ते साधं एलईडी बॅटन. चार फुटी, २० वॉट, साधारण २,००० लुमेनचं. घेताना पाकिटावर लुमेन लिहिलेत का आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. लुमेनचा आकडाच नसेल तर ठेवून द्या. खास झाडांसाठीची चांगली पॅनेल याच विजेत दीडपट किंवा जास्त उजेड देतात हे कबूल, पण ती महाग, आणि बिघडली की दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवा. बॅटन खोपोली बाजारपेठेत दहा मिनिटांत मिळतं.

शेल्फ चार फूट बाय दीड फूट. म्हणजे साधारण ०.५४ चौरस मीटर. दोन बॅटन लावली तर ४,००० लुमेन. सगळा उजेड शेल्फवर पडला असं धरलं तरी ७,४०० लक्स, आणि बाजूला सांडतो तो वजा केला की साडेपाच हजार. पुरत नाही. चार लावली की सांडलेला धरून ११,००० च्या आसपास, म्हणजे १७० मायक्रोमोल. दवबिंदूला बरोबर. पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना पांढरं थर्माकोल किंवा फ्लेक्स बॅनरची पांढरी बाजू लावा, सांडणारा उजेड परत येतो. या फुकटातल्या थर्माकोलने माझ्या कोपऱ्यातल्या कुंड्यांचा आकडा चांगला वाढला. ट्यूब झाडाच्या टोकापासून सहा ते आठ इंचांवर ठेवा. माझं पहिलं पॅनेल छताला होतं, झाडापासून पाच फुटांवर. त्यातून काय पोहोचणार, कपाळ!

टायमर, ओल आणि मे महिना

१४ तास चालू, १० तास बंद. हाताने करू नका, एक दिवस विसरालच. टायमर घेताना एक गोष्ट बघा, जी घाटमाथ्याखालच्या लोकांना कळलीच पाहिजे. पावसात वारा सुटला, तारेवर फांदी पडली की लाईट जाते. फिरत्या चकतीचा स्वस्त टायमर तेवढा वेळ थांबून राहतो. तीन तास लाईट गेली तर तो तीन तास मागे पडतो, आणि आठवड्याभरात तुमच्या झाडांची रात्र भर दुपारी होते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, थोडा महाग असतो पण वेळ चुकवत नाही. एखादा दिवस लाईट कमी मिळाली तर झाड मरत नाही, त्याची काळजी नको. इन्व्हर्टरवर झाडं चालवू नका.

ओलीत वीज खेळवतोय, तेव्हा हे हसण्यावारी नेऊ नका. रॅकच्या सर्किटला अर्थ-लीकेज ब्रेकर हवाच. वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली ठिबकेल, बोर्डात जाणार नाही. बोर्ड ट्रेच्या वर, बाजूला. खाली कधीच नाही.

एप्रिल-मेमध्ये मी वेळ उलटी करतो. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ लाईट चालू. बॅटन कमी तापतं म्हणतात, पण चार बॅटन बंदिस्त शेल्फमध्ये हवा तीन-चार अंशांनी तापवतात, आणि भर दुपारी ते नको असतं. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याला रात्र दहा तासांची मिळाली की झालं. दुकानात दुपारी रॅक अंधारी दिसते, तेवढं सोसायचं.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. ५० टीडीएसच्या आतलं पाणी, नाहीतर लाईट कितीही चांगली लावा, झाड मरणार. बोअरचं नाही, नळाचं नाही, आरओचं सांडपाणी तर अजिबात नाही. आपल्याकडे पागोळीचं पाणी देवाने दिलंय. पहिला आठवडा पाऊस छत धुऊ द्या, मग ड्रम लावा. एका शेल्फला दिवसाला साधारण अडीच लिटर लागतं, नोव्हेंबर ते मे धरलं तर सव्वापाचशे लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम. झाकण घट्ट हवं. आणि कुंडीखालचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून पुसा. किडे खाणारं झाड विकायचं आणि त्याच्याच ट्रेमध्ये डास वाढवायचे, असं दृश्य मी स्वतः बघितलंय. गिऱ्हाइकाला "घरातले डास संपतील" असंही सांगू नका. नाही संपत.

कुठलं झाड ठेवायचं

लोक मागतात फ्लायट्रॅप, कारण तोंड मिटताना रीलमध्ये छान दिसतं. पण हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचं. त्याला दरवर्षी तीन-चार महिने थंडीची झोप लागते, १० अंशांखाली जाणारी. खोपोलीत ती थंडी कुठून आणणार? लाईटचे तास हिवाळ्यात ८-९ वर आणून थोडी विश्रांती देता येते, पण उकाडा तो उकाडाच. न झोपलेलं झाड एक-दोन वर्षांत खचतं. मी आज फ्लायट्रॅप ठेवतो ते मोजके, आणि विकताना हे तोंडावर सांगतो. काही गिऱ्हाइकं निघून जातात. जाऊ देत. त्या सातवीतल्या पोरासारखं परत येण्यापेक्षा बरं.

माझी रॅक दवबिंदूवर चालते. ड्रोसेरा स्पॅट्युलाटा, कॅपेन्सिस आणि बर्मानी. झोप लागत नाही, आणि पानाचा तुकडा ओल्या स्फॅग्नमवर ठेवला की पहिल्या दोघांची महिना-दीड महिन्यात रोपं फुटतात. बर्मानी स्वतःच बी टाकतं आणि शेजारच्या कुंडीत उगवतं. दवबिंदूंमध्ये याची हालचाल फार चपळ, कडेचे केस काही सेकंदांत वळतात, दुकानात दाखवायला मजा येते. माध्यम म्हणून पीट आणि परलाइट. खत, शेणखत, गांडूळखत काही नाही. कोकोपीट वापरायचंच असेल तर क्षार जाईपर्यंत धुवा.

एक गोष्ट कडक शब्दांत. पठारावरून, सड्यावरून रोपं उपटून आणायची नाहीत. तिथली झाडं तिथल्याच पाण्यावर जगतात, कुंडीत बहुतेक मरतात, आणि कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या भागात आहे. मेघालयातली आपली देशी घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आणि साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कोणी स्वस्तात देऊ केली तरी हात लावू नका. नॉर्थ कॅरोलायनात तर २०१४ पासून रानातला फ्लायट्रॅप चोरणं हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे. परदेशातून मागवायचं तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, पाकिटात लपवून आलेलं रोप धंद्यात धरू नका. रोपवाटिकेत वाढवलेलं, बिलासह आलेलं घ्या.

आता पैसे

चार बॅटन १,०००. टायमर ७००. वायरिंग आणि बोर्ड ८००. स्लॉटेड अँगलची रॅक ३,०००. ट्रे आणि तीन इंची कुंड्या १,५००. पीट, परलाइट २,०००. दहा मातृरोपं, ३०० ने, ३,०००. एकूण १२,०००. यात लाईटचं सगळं मिळून अडीच हजार, म्हणजे पाचवा हिस्सा. लोक ज्या गोष्टीला घाबरतात ती सगळ्यात मोठी नाहीच.

वीज : ८० वॉट गुणिले १४ तास, दिवसाला १.१२ युनिट, महिन्याला ३३ ते ३४. मी हिशेबाला युनिट १० रुपये धरतो, म्हणजे ३३६ रुपये. तुमचा आकडा बिलावर बघा. घरगुती मीटरवर १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो आणि वरच्या युनिटचा दर वाढतो, त्यामुळे तुम्ही २८० वर असाल तर ही ३४ युनिट महाग पडतील. आणि घरातून विक्री करायची असेल तर घरगुती जोडणी चालते का, हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.

शेल्फवर ६० कुंड्या आरामात बसतात. पानापासून विकण्याजोगं रोप व्हायला मी पाच महिने धरतो. ६० पैकी ४० विकायला धरा, बाकी मरतात, लहान राहतात किंवा पुढच्या बॅचला लागतात. २०० रुपयांनी ८,०००. पाच महिन्यांची वीज १,६८०. म्हणजे खर्च १३,६८०, आले ८,०००. पहिल्या बॅचला तुम्ही तोट्यात. दुसऱ्या बॅचला वीज १,६८० आणि कुंड्या-माध्यम १,५००, एकूण खर्च १६,८६० आणि जमा १६,०००. दहा महिने झाले आणि अजून ८६० रुपये खाली! तिसऱ्या बॅचपासून हातात येतात साधारण पाच हजार, पाच महिन्यांना, आणि यात तुमच्या वेळेचा एक रुपया धरलेला नाही. एका शेल्फवर घर चालत नाही. ज्याचं आधीच दुकान किंवा नर्सरी आहे, जागा आणि मीटर आहे, त्याच्यासाठी हे ठीक. नोकरी सोडून यात पडायचं म्हणणाऱ्या दोघांना मी गेल्या महिन्यात फोनवर नाही म्हटलं.

माझं खरं उत्पन्न बाजूने येतं. ज्याने रोप घेतलं त्याच्या घरी उजेड नसतो. त्याला मी दोन फुटी बॅटन, टायमर आणि वायर जोडून, लक्स मोजून देतो. रोपावर जेवढं सुटतं त्यापेक्षा त्या जोडणीवर जास्त सुटतं, आणि झाड जगतं म्हणून माणूस परत येतो. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, एलईडीवर १८ टक्के आहे, त्यामुळे बिलात ओळी वेगळ्या टाका, बाकी तुमच्या सीएला विचारा. शनिवार-रविवारी कर्जतच्या फार्महाउसकडे जाणारी मंडळी थांबतात, पोरं रॅकसमोरून हलत नाहीत. तेव्हा पांढऱ्या उजेडाचा फायदा कळतो.

कमेंटमध्ये एकाने विचारलंय, बॅटन किती वर्षं टिकेल? पाकिटावर २५,००० तास लिहिलेलं असतं. रोज १४ तास म्हणजे वर्षाला ५,११०, साधारण पाच वर्षं. पण तोपर्यंत उजेड हळूहळू कमी होत जातो आणि डोळ्याला कळत नाही. म्हणून नवीन लावल्या दिवशी शेल्फच्या मधला आणि चार कोपऱ्यांचा लक्स ट्यूबच्या पट्टीवर मार्करने लिहून ठेवा, तारखेसकट. दर सहा महिन्यांनी परत मोजा. आधी ट्यूब फडक्याने पुसा मात्र, माझ्याकडे निम्मा फरक धुळीचाच निघाला होता.